कांद्याची मुळं आणि खोक्यातली मेथी

धारवाडच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी अटेंडर आहे. काचेची भांडी धुवायची, मुलांच्या प्रॅक्टिकलची मांडामांड करायची, संध्याकाळी मायक्रोस्कोप पुसून कपाटात ठेवायचे, हे माझं काम. राहते हुबळीत, कमरीपेठेत, भावाच्या घरी. नवरा वारल्यावर मी तिथं परत आले तेव्हा अण्णा एवढंच म्हणाला होता, "वरची खोली तुझीच हाय. पंखा तेवढा बसवून घेऊया." त्याला आता चौदा वर्षं झाली.

अण्णाचं बॅटऱ्या दुरुस्तीचं दुकान घराच्या पुढच्या भागात. स्कूटरच्या, ट्रॅक्टरच्या, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या त्याच्याकडे येतात. पूर्वी तो जुन्या बॅटऱ्या फोडून आतल्या शिशाच्या प्लेटा काढायचा, मागच्या परसात लोखंडी कढईत शिसं वितळवायचा आणि त्याचे बॅटरीवरचे खांब, म्हणजे वायर जोडायची टोकं, ओतायचा. सातवीत शाळा सोडून तो या कामाला लागला, म्हणून मी पीयूसीपर्यंत, म्हणजे बारावीपर्यंत, शिकले. हे त्यानं कधी बोलून दाखवलं नाही. वहिनी मात्र कधीकधी म्हणायची, "तुमच्या शाळेची फी ह्यांच्या हातावर लिहिलेली हाय बघा." अण्णाच्या हातांवर ॲसिडचे पांढरे डाग आहेत, त्याबद्दल ती बोलत असे.

आमच्या विभागात पाचेक वर्षांपूर्वी संशोधन करायला एक मुलगी आली. अळणावरजवळच्या खेड्यातली, शेतकऱ्याची. घरी मराठी, शाळा सगळी कन्नडमधून. त्यामुळं आमचं बोलणं एका वाक्यात दोन्हीकडून चालायचं. मी तिला मॅडम म्हणायची, ती मला अक्का. पहिल्याच आठवड्यात तिनं मला बाजारातून लहान कांदे आणायला सांगितलं.

"किती?"

"एक पोतं चालेल, अक्का. पण कोंब आलेला एकही नको."

सुभाष रोडवरून रिक्षात पोतं घालून आणलं. विभागातले सगळे हसले, मॅडमचं लग्न ठरलं काय म्हणून. तिनं मला शेजारी बसवून काम दाखवलं. कांद्याची वरची कोरडी सालं काढायची, बुडाची वाळलेली मुळं ब्लेडनं हलक्या हातानं खरवडायची आणि कांदा पाण्यानं भरलेल्या बाटलीच्या तोंडावर असा बसवायचा की फक्त बूड पाण्याला टेकेल. दोन-तीन दिवसांत पांढरी शुभ्र मुळं खाली उतरतात. त्या मुळांचं टोक म्हणजे सारखं वाढणारं ठिकाण. तिथं एका पेशीच्या दोन पेशी होत असतात, आणि ते मायक्रोस्कोपखाली दिसतं.

"तुम्हाला शोधायचं काय आहे?" मी विचारलं.

तिनं हातातलं काम न थांबवता सांगितलं. शिशासारखे विषारी धातू अंगात गेले की पेशीच्या आतल्या धाग्यांना इजा करतात. आईबापाकडून आलेलं सगळं त्या धाग्यांत असतं. आपण रोज जो पाला, ज्या भाज्या खातो, त्यांच्यामुळं ही इजा कमी होते का, हे तिला बघायचं होतं. मेथी आणि शेवग्याचा पाला तिनं निवडला होता.

"शिसंच का घेतलं?"

"जुन्या रंगात असतं, जुन्या नळात असतं, बॅटरीत असतं. आपल्याकडं कुठं नाही सांगा."

बॅटरी म्हटल्यावर मी हातातला कांदा खाली ठेवला. अण्णाबद्दल त्या दिवशी काही बोलले नाही.

काम असं चालायचं. काही कांद्यांची मुळं साध्या पाण्यात, काहींची शिशाच्या द्रावणात, काहींची शिसं आणि पाल्याचा अर्क अशा दोन्हींत, आणि काहींची नुसत्या अर्कात. मग सकाळी ठरलेल्या वेळेला मुळांची टोकं कापायची, औषधात ठेवायची, रंगवायची, काचपट्टीवर ठेवून वरून अंगठ्यानं दाबायची. पेशी एका थरात पसरल्या की मोजायला बसायचं. मोजणं फार कंटाळवाणं. तिच्यासोबत मोजणारा विद्यार्थी दोन महिन्यांत नोकरी लागून निघून गेला. तेव्हा तिनं मला विचारलं.

"अक्का, तुम्ही मोजाल काय?"

"मी? मला काय कळतंय त्यातलं?"

"मी शिकवते. तुमची नजर स्थिर आहे. शिवाय मला असं माणूस पाहिजे, ज्याला कुठली पट्टी कशाची हे माहीत नाही. मी मोजलं तर माझ्या मनासारखं मोजेन."

महिनाभर तिनं मला शिकवलं. पेशी दोन होताना आतले धागे दोन बाजूंना सरकतात, कुणी शिस्तीत दोन रांगा केल्यासारखे. शिसं लागलं की ही शिस्त मोडते. कुठं धाग्याचा तुकडा मधेच पडून राहतो. कुठं एखादा धागा दोन्हीकडं अडकून पुलासारखा ताणला जातो. कुठं पेशी दोन झाल्यावरही मोठ्या केंद्राशेजारी एक बारीक ठिपका उरतो, वाट चुकलेल्या तुकड्याचा. मी मोजलेल्या पट्ट्या सुरुवातीला ती पुन्हा मोजून बघायची. हळूहळू तिचा आणि माझा आकडा जुळायला लागला. प्रत्येक पट्टीवर ती कागदाची चिठ्ठी लावून नुसतं अक्षर लिहायची. कुठलं अक्षर कशाचं, ते तिच्या वहीत. ती वही कपाटात कुलूपबंद.

पहिली फेरी संपली आणि तिनं माझ्यासमोर वही उघडली. शिशातल्या मुळांत मोडतोड सगळ्यात जास्त होती. शिशासोबत मेथीचा अर्क दिलेल्या मुळांत ती बरीच कमी होती, शेवग्याच्या अर्कातही कमी. मी मोजताना मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तरी आकडे असे ओळीनं लागले होते. मी दोनदा बोट ठेवून वाचले.

तेव्हा मी तिला अण्णाचं सांगितलं. तो काय काम करतो, परसात कढई कशी तापते, सगळं. तिचा चेहरा जरा बदलला.

"अक्का, कांद्याचं मूळ म्हणजे माणूस नव्हे. पाल्यानं इजा कमी झाली म्हणजे शिसं निघून गेलं असं नव्हे. आधी शिसं अंगात जायचं थांबलं पाहिजे. त्यांना एकदा रक्त तपासायला सांगा."

मी मान हलवली. खरं सांगायचं तर तिचं अर्धंच बोलणं मी ऐकलं. मेथी खाल्ली की बरं, एवढंच घेऊन मी बसमध्ये बसले. रक्त तपासायचं मी अण्णाला म्हणाले खरी, पण त्यानं "बघू की" म्हणून टाळलं, आणि मीही पुन्हा विषय काढला नाही. पाला मात्र माझ्या हातातला होता.

परसाच्या भिंतीला लागून रिकाम्या बॅटऱ्यांची काळी खोकी रचलेली असत. जाड, मजबूत, पाणी न झिरपणारी. मी आठ-दहा खोकी ओढून घेतली, खिळा तापवून बुडाला भोकं पाडली, परसातलीच माती आणि थोडं शेणखत भरलं आणि मेथी टाकली. दोन खोक्यांत कोथिंबीर. अण्णाची मुलगी तेव्हा आठ वर्षांची. पाणी घालायचं काम तिनं आपणहून घेतलं. चौथ्या दिवशी कोंब वर आले तेव्हा ती मला जिन्यावरून हाक मारत आली, "आत्या, सगळ्या खोक्यांत आलंय."

हिवाळाभर आम्ही ती मेथी खाल्ली. आमच्याकडं भाकरीबरोबर मेथीचा पाला कच्चाच खायची पद्धत, बरोबर शेंगांची चटणी आणि कांदा. ताटात पाला वाढताना मी अण्णाला आग्रह करायची.

"खा अजून. पेशींना चांगला असतो."

"तुझे कांदे बोलले काय असं?" तो हसायचा, पण खायचा. त्याला अधूनमधून पोटात कळ यायची, मनगटं दुखायची, दुपारी दुकानातच डोकं टेकून बसायचा. वय झालं म्हणून आम्ही सोडून देत होतो. वय तरी कुठं, पन्नासही नव्हतं.

त्या वर्षी तिसऱ्या फेरीसाठी पाला पाहिजे होता आणि बाजारात चांगला मिळेना. मी मॅडमना मोठ्या अभिमानानं म्हणाले, "आमच्या घरची मेथी आणते. औषध फवारलेली नाही, काही नाही." तिलाही आनंद झाला. मी दोन खोक्यांतली मेथी उपटली, पाला धुतला, आमच्या गच्चीवर कापडावर पसरून वाळवला आणि पूड करून डबा भरून नेला.

त्या फेरीच्या पट्ट्या मोजताना एका अक्षराच्या पट्ट्या फार वाईट निघाल्या. पुलासारखे ताणलेले धागे, तुकडे, ठिपके. मी मनात म्हटलं, ही शिशाची असणार. मग दुसऱ्या एका अक्षराच्या त्याहून वाईट निघाल्या. तेव्हा जरा गोंधळले, पण माझं काम मोजायचं होतं. मोजलं आणि कागद दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं वही टेबलावर उघडून ठेवली. मग मला जवळ बोलावलं.

"अक्का, हे अक्षर बघा. ह्या बाटलीत शिसं घातलंच नव्हतं. नुसता तुमच्या मेथीचा अर्क होता."

"मग मी चुकीचं मोजलं असेल."

"मी सकाळपासून तेच बघत होते. सगळ्या पट्ट्या पुन्हा मोजल्या. तुमचा आकडा बरोबर आहे." तिनं पेन खाली ठेवलं. "शिसं आणि मेथी दोन्ही दिलेली मुळं तर नुसत्या शिशापेक्षा वाईट आहेत. ही मेथी वाढली कुठं?"

मी सांगितलं. खोक्यांपाशी आले तसं माझं मलाच ऐकू यायला लागलं. बॅटरीची खोकी. परसातली माती, जिथं कढई तापते. गच्ची, जिथं त्या कढईचा धूर येतो. तिनं मला खुर्चीवर बसवलं आणि पाणी दिलं.

"घरात कोण कोण खातं?"

"सगळे."

"पोरगी?"

"ती पाणी घालते. तोडतेही तीच. तोडता तोडता खाते."

तिनं मला एका शब्दानंही दोष दिला नाही. डब्यातली पूड आणि परसातली माती दुसऱ्या विभागातल्या यंत्रावर तपासायला पाठवायचं ठरवलं. पण ते यायच्या आत घरी जाऊन काय करायचं, ते तिनं मला कागदावर लिहून दिलं. मेथी बंद. परसात पोरीला सोडायचं नाही. जमीन झाडायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची. आणि उद्याच रक्त.

धारवाडहून हुबळीला बस नेहमीसारखीच आली असेल. वाटेतलं नवनगर कधी गेलं ते मला कळलं नाही. घरी पोचले ती सरळ परसात गेले आणि चपला न काढताच मेथी उपटायला लागले. वहिनी भाकऱ्या टाकत होती, ती पिठाच्या हातानं बाहेर आली.

"काय करताय हे? उद्याची भाजी हाय ती."

मी तिला सांगितलं. तिथंच, खोक्यांच्या मधे उभं राहून. तिनं मधे एकदाही अडवलं नाही. सगळं ऐकून आत गेली, तवा उतरवला, गॅस बंद केला आणि पोरीचे हात साबणानं धुतले. मग कोपरापर्यंत पुन्हा धुतले.

अण्णा जेवायला आला तेव्हा वहिनीनंच विषय काढला. तो आधी हसला. मग माझ्याकडं बघून त्याचं हसू गेलं.

"तीस वर्षं करालोय हे काम. मला काय झालं?"

"तुमचं पोट दुखतंय," वहिनी म्हणाली.

"पोट सगळ्यांचं दुखतंय. हिच्या कांद्यानं सांगितलं म्हणून मी दुकान बंद करू काय?"

मेथी मी लावली होती, आग्रह करून मी वाढली होती. वहिनीनं आवाज चढवला नाही आणि माघारही घेतली नाही.

"दुकान चालू ठेवा नाहीतर बंद करा, ते नंतर बघू. उद्या पोरीचं रक्त तपासायचं. तुम्ही येणार नसाल तर आम्ही दोघी घेऊन जातो."

सकाळी तो आधी तयार होऊन बसला होता. धुतलेला शर्ट घालून. आम्ही चौघंही गेलो, चौघांचंही रक्त दिलं. रिपोर्ट यायला आठवडा लागला. तोवर यंत्राचं उत्तर आलं होतं, मेथीच्या पुडीत आणि परसातल्या मातीत दोन्हींत शिसं निघालं. त्या आठवड्यात कढई पेटली नाही. कुणी बंद कर म्हटलं नव्हतं, त्यानंच पेटवली नाही.

अण्णाच्या रक्तात शिसं फार होतं. पोरीच्याही रक्तात असायला नको तेवढं होतं. वहिनीचं आणि माझं त्याहून कमी. डॉक्टरीणबाई वयस्कर होत्या, कन्नडमध्ये सावकाश बोलत होत्या. पोरीला वेगळं औषध द्यायची वेळ आलेली नाही, म्हणाल्या. शिसं यायचं थांबवा, तीन महिन्यांनी पुन्हा तपासू. अण्णाला मात्र त्यांनी स्पष्ट सांगितलं की हे काम असंच चाललं तर पुढं कठीण आहे.

मी मेथीचं सांगितलं. सांगताना मला रडू आलं. त्यांनी माझं बोलणं पूर्ण होऊ दिलं.

"मेथी यंदाच्या हिवाळ्यातली ना?" त्या म्हणाल्या. "तुमच्या भावाच्या अंगातलं शिसं वर्षानुवर्षांचं आहे. पोरगीही त्याच परसात रांगली असेल. मेथीनं भर घातली, पण सुरुवात मेथीनं केली नाही."

मग त्यांनी पोरीच्या रिपोर्टमधली दुसरी ओळ दाखवली. तिच्या रक्तात लोह कमी होतं. अंगात लोह आणि कॅल्शियम कमी असलं की शिसं जास्त शोषलं जातं, म्हणाल्या. म्हणून पोरीला उपाशी शाळेत पाठवायचं नाही. नाचणी, दूध, डाळ, लिंबू, आवळा द्यायचा. आणि पालेभाजी.

"पालेभाजी?" वहिनीनं विचारलं. माझ्या मनात आलेलं तिनं बोलून टाकलं.

"चांगल्या मातीतली. दोन पाण्यांनी धुऊन. पाल्याचा यात काय दोष, बाई?"

घरी आल्यावर दोन दिवस अण्णा तो रिपोर्ट खिशात घेऊन फिरत होता. तिसऱ्या दिवशी शनिवार. मी कामाला निघाले तर तो बसस्टॉपवर माझ्या मागून आला.

"तो कांदा मला दाखवशील काय?"

मॅडमनी त्याला स्टुलावर बसवलं, एक चांगली पट्टी लावली आणि मग आमच्या मेथीची. मायक्रोस्कोपमध्ये बघायची त्याला सवय नव्हती, आधी स्वतःच्याच पापण्या दिसत होत्या. मग दिसलं. पहिल्या पट्टीत धागे नीट दोन बाजूंना गेलेले. दुसऱ्या पट्टीत एक धागा मधे ताणलेला.

तो बराच वेळ डोळा लावून बसला. मग म्हणाला, "हे शॉर्ट झालंय."

"म्हणजे?" मॅडमनी विचारलं.

"बॅटरीत दोन प्लेटांच्या मधे असं काही अडकलं की ती शॉर्ट होते. मग चार्जिंग धरत नाही. बाहेरून डबा चांगलाच दिसतो." त्यानं पुन्हा आत बघितलं. "हे पोरीच्या अंगात असं झालं असेल काय?"

मॅडमनी त्याला खोटा धीर दिला नाही. "ते ह्या कांद्यावरून सांगता येत नाही. पण अंगात थोडीफार दुरुस्ती सारखी चाललेली असते. शिसं यायचं थांबलं की तिला वाव मिळतो. आणि पोरगी लहान आहे."

परतताना बसमध्ये तो खिडकीकडं बघत म्हणाला, "कढई मोडीत घालतो." सोमवारी त्यानं ती खरंच घातली.

पुढचं सगळं एका दिवसात झालं नाही. जुन्या बॅटऱ्या आता तो फोडत नाही. त्या जशाच्या तशा गोळा करून, परवाना असलेल्या कारखान्यात पाठवणाऱ्या डीलरला देतो. स्वतः चार्जिंग, वायरिंग आणि नव्या बॅटऱ्या बसवण्याचं काम करतो. खोकी, त्यांतली माती आणि परसातली वरची माती जाड पोत्यांत बांधून डीलरलाच न्यायला लावली. परसात फरशी घातली. कामाचे कपडे दुकानातच ठेवायचे, आंघोळ करून मगच घरात यायचं, हा नियम वहिनीनं केला आणि पहिले काही महिने दारात उभं राहून पाळायला लावला. काही गिऱ्हाइकं तुटली. "खांब ओतून देत नाही म्हणजे काय, अण्णा?" असं विचारणाऱ्यांना तो नुसतं "बंद केलं" म्हणायचा.

मी मात्र मेथीला हात लावेनाशी झाले. बाजारात जुडी दिसली की पुढं जायची. मॅडमच्या ते लक्षात आलं. एका सोमवारी ती गावाहून येताना पिशवीभर पाला घेऊन आली. मेथी, शेवगा, आणि हक्करकी, म्हणजे पाथरी, जी आमच्याकडं भाकरीबरोबर कच्ची खातात.

"आमच्या शेतातला आहे. माती आणि पाला दोन्ही यंत्रावर तपासून घेतलंय, तुमच्यासाठी नव्हे, माझ्या प्रयोगासाठी. अर्धा प्रयोगाला, अर्धा तुमच्या घरी न्या."

"आमच्या डब्यानं तुमची एक फेरी वाया घालवली."

"वाया कशी? ती फेरी मी प्रबंधात घेतेय. मार्गदर्शक सरांनी विचारलं काढून टाकायची काय म्हणून. मी नको म्हटलं. पाला कुठल्या मातीत वाढला ते बघितल्याशिवाय त्याला औषध म्हणू नये, हे मला त्या फेरीशिवाय कळलं नसतं."

चौथ्या फेरीच्या पट्ट्या मी मोजल्या. अळणावरच्या मेथीनं आणि शेवग्यानं शिशाची इजा पुन्हा कमी केली. पूर्ण घालवली नाही. अर्क फार कडक केला तर त्यानं मुळांची वाढच खुंटवली, तेही दिसलं. हक्करकीचा काही फरक पडला की नाही, हे सांगण्याइतका दिसला नाही. मॅडमनी जसं होतं तसं लिहिलं. त्या संध्याकाळी मी तिनं दिलेली मेथी घरी नेली, तीन पाण्यांनी धुतली आणि ताटात वाढली. पोरीनं पहिली काडी उचलली आणि माझ्याकडं बघितलं.

"आत्या, ही चालते?"

"चालते. खा."

मग मीही खाल्ली.

तीन महिन्यांनी पोरीच्या रक्तातलं शिसं कमी झालं होतं. सहा महिन्यांनी आणखी. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट वाचताना चष्मा वर केला आणि पोरीला विचारलं, "नाचणीची आंबील आवडते काय?" ती म्हणाली, "नाही. पण पिते." अण्णाचं हळूहळू उतरतंय. हाडांत साठलेलं असतं, वेळ लागणार, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. पण पोटातली कळ गेली आहे, आणि दुपारी दुकानात डोकं टेकून बसायचं त्यानं सोडलं आहे. शिसं थांबल्यामुळं बरं वाटलं की पाल्यानं, की दोन्हींनी, हे मी कुणाला सांगत नाही. आमच्या घरात चिठ्ठ्या लावून कुणी मोजलेलं नाही.

मॅडमचा प्रबंध गेल्या वर्षी मंजूर झाला. तोंडी परीक्षेला मी मागच्या बाकावर बसले होते. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सगळ्यात जास्त प्रश्न तिसऱ्या फेरीवर विचारले. "ही मोडतोड कुणाच्या लक्षात आली?" असं त्यांनी विचारलं तेव्हा तिनं मागं वळून माझ्याकडं बोट केलं. मला उभं राहावं लागलं. ते म्हणाले, "तुम्हाला माहीत होतं का ही पट्टी कशाची?" मी म्हटलं, "नाही सर. माहीत असतं तर मी कमी मोजलं असतं." ते हसले, पण मी खरंच सांगितलं होतं.

आमच्या गल्लीत बॅटऱ्यांची आणखी तीन दुकानं आहेत. त्यांच्यापैकी दोघं परसात अजून शिसं वितळवतात. मी त्यांच्या बायकांना सांगून बघितलं होतं. त्या ऐकून घ्यायच्या, चहा द्यायच्या, आणि विषय तिथंच राहायचा. गेल्या महिन्यात एका रविवारी बुद्धविहारातून परत येताना अण्णा त्यांतल्या एका दुकानासमोर थांबला. दुकानदार त्याच्याच वयाचा, लहानपणापासूनचा ओळखीचा. घरात चार वर्षांचा नातू. मी आणि वहिनी पुढं गेलो. अण्णा तासभरानं घरी आला.

"काय म्हणाला?" वहिनीनं विचारलं.

"म्हणाला, तीस वर्षं करालोय, मला काय झालं."

"मग?"

"मी म्हटलं, मलाही तसंच वाटत होतं. मग माझा रिपोर्ट दाखवला त्याला. पहिला आणि आताचा." अण्णानं बसून चपला काढल्या. "नातवाचं रक्त बघूया म्हणाला. सोमवारी नेतो म्हणाला, पण एकट्यानं जायला बिचकतोय. मी येतो म्हणून सांगितलं."

सोमवारी सकाळी मी धारवाडच्या बससाठी निघाले तेव्हा अण्णा त्या दुकानदाराच्या दारात उभा होता. आतून नातवाला तयार करत असल्याचे आवाज येत होते. आजोबांच्या कडेवर बसून पोरगं बाहेर आलं, आणि ते तिघं दवाखान्याच्या रस्त्याला लागले.